बारा नंबरच्या खोलीतले ओले टॉवेल

१७ ऑगस्ट २०२५, रविवार

तीन महिने वहीला हात लावला नाही. वहीची माफी मागते. सबबी आहेत, माझ्या लेकीचा, श्रुतिकाचा बारावीचा निकाल, मग तिची ॲडमिशन, मग केंद्रातली गडबड. पण रोज पाच ओळी लिहायला निकाल आडवा येत नाही. आळसच. आज बसले कारण मनात एक शंका आली आहे आणि ती कोणाला बोलून दाखवण्याइतकी पक्की नाही.

४ तारखेपासून आमच्याकडे परदेशी कृषी अधिकाऱ्यांचं सहा आठवड्यांचं प्रशिक्षण सुरू आहे. दहा जण आहेत. नेपाळ, व्हिएतनाम, केनिया, इथिओपिया. विद्यापीठाचं हे विस्तार केंद्र बोरीवलीत, नॅशनल पार्कच्या भिंतीला लागून, त्यामुळे पाहुणे पहिले दोन दिवस फक्त माकडांचे फोटो काढत होते. मी समन्वयक. त्यांच्या डाळीत तिखट किती इथपासून प्रमाणपत्रावर नावाचं स्पेलिंग बरोबर आहे ना इथपर्यंत सगळं माझ्याकडे. रोज पन्नासेक मेल येतात. 'नोंद घेतली' असं उत्तर टाकून पुढच्या मेलकडे वळते, नाहीतर दिवस पुरणार नाही.

बीजघरही माझ्याच अखत्यारीत. कोकणातल्या गावागावांतून गोळा केलेले एकशे बत्तीस वाण. भात, नाचणी, वरी, वाल. चार अंशांच्या थंड खोलीत पाकिटांत ठेवलेले. त्यातले चाळीसेक आता कुठल्याच शेतात नाहीत, फक्त आमच्या कपाटात आहेत. खोली सांभाळतो धोंडू. तेवीस वर्षं.

शुक्रवारी झेंडावंदनानंतर सहज आत गेले. कडव्या वालाच्या एका पाकिटाला निळी चिकटपट्टी दिसली. आमची पांढरी असते. पाकीट काट्यावर ठेवलं. लेबलवर पन्नास ग्रॅम. भरलं त्रेचाळीस. काटा चुकला असेल म्हणून प्रमाण वजन ठेवून पाहिलं. काटा बरोबर होता. तीनदा मोजलं.

सात ग्रॅम वाल म्हणजे वीसेक दाणे. कोणी वीस दाणे कशाला काढेल?

१९ ऑगस्ट, मंगळवार

नुसत्या वरच्या कप्प्यात आणखी अकरा पाकिटांना निळी पट्टी. पट्टीवर पेनाने बारीक तारीख. चोर तारीख घालेल का? की ते कोणासाठी खूण आहे?

सोमवारी आणि बुधवारी दुपारी पाहुण्यांचं प्रात्यक्षिक असतं, पाकिटबंद करण्याचं. तेवढाच वेळ ते खोलीत असतात. हजेरी पाहिली. प्रत्येक वेळी शेवटपर्यंत थांबणारा एकच, गिर्मा. इथिओपियाचा, बावन्न वर्षांचा, त्यांच्या सरकारी बियाणे प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. उंच, कमी बोलणारा. सगळे मॉल बघायला जातात तेव्हा हा हॉस्टेलवर, आपल्या बारा नंबरच्या खोलीत असतो.

इथे प्रामाणिकपणे लिहायला हवं. तो काळा आहे म्हणून माझं लक्ष त्याच्याकडे गेलं का? केनियाची बाईही काळीच आहे आणि तिच्याबद्दल मला काही वाटलं नाही. म्हणजे तसं नसावं. मी तशी नाही.

देशी वाण परवानगीशिवाय देशाबाहेर नेणं हा गुन्हा आहे. आपली बियाणी बाहेर जातात आणि दहा वर्षांनी कोणाच्या तरी नावाची होऊन परत येतात, हे मीच पहिल्या तासाला या लोकांना शिकवते. तेव्हा गिर्मा मान हलवत होता.

२० ऑगस्ट, बुधवार

गिर्मा केबिनमध्ये आला. हातात कॉफीचं पाकीट, त्याच्या गावचं. म्हणाला, "मॅडम, खोलीविषयी तुमच्याशी बोलायचं होतं. तुम्ही माझा मेल वाचला असेल."

भेटवस्तू आणि 'खोलीविषयी' एकाच दमात. म्हटलं, आता मीटिंग आहे, नंतर बोलू. मीटिंग नव्हती. मी बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. चव्वेचाळीसाव्या वर्षी.

कॉफी ड्रॉवरमध्ये ठेवली आहे, वर चिठ्ठी चिकटवून: 'दि. २० रोजी मिळाली, उघडलेली नाही.'

२३ ऑगस्ट, शनिवार

हॉस्टेलची सफाई शकु करते. तिला मी काही विचारलं नव्हतं, तिनेच थांबवलं.

"मॅडम, त्या बारा नंबरवाल्याला जरा समजवा ना. माझे आठ टॉवेल त्याच्याकडे अडकलेत. मागायला गेलं की हात जोडतो."

"आठ टॉवेल? करतो काय?"

"मला काय माहीत! ओले करतो, गुंडाळतो, बादलीत उभे करून ठेवतो. लोक पोरांना झोपवतात तसं वरून पंचा पांघरतो. वास मारतो नुसता. आणि मला म्हणतो, नो फॅन, नो फॅन. मी म्हटलं, बाबा, फॅन नको तर नको, माझा टॉवेल दे."

ओल्या टॉवेलात काय लपवत असेल? विमानतळावर ओले कपडे उघडून बघत नाहीत म्हणतात. कुठे वाचलंय ते आठवत नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

धोंडू आज रात्रीच्या गाडीने गावी. परवा गणपती. कणकवलीजवळचं गाव त्याचं, आणि त्याची गणपतीची रजा संचालकही नाकारू शकत नाहीत. तेवीस वर्षांत एकदाही चुकलेली नाही. दरवर्षी येताना पिशवी भरून आणतो. मला कडवे वाल, संचालकांना कोकम. जोगेश्वरीच्या चाळीतल्या शेजाऱ्यांना काय आणतो देव जाणे.

निघण्याआधी त्याला निळ्या पट्ट्या दाखवल्या. बराच वेळ बघत राहिला.

"तुझ्या लक्षात कसं नाही आलं रे धोंडू? तू रोज असतोस इथे."

"आता वय झाला, बाई. दिसणा नाय."

"तो गिर्मा थांबतो ना शेवटपर्यंत?"

"थांबता. माका पयल्या आठवड्यात इचारल्यान, दाणे देशीत काय म्हणान. मी नाय म्हटलंय." मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "तो माणूस बरो नाय, बाई. त्येका त्या खोलीत परत सोडू नका. कुलूप घाला, माझ्या येवच्या आधी कोणाक उघडूक देव नका."

मला बरं वाटलं. इतके दिवस मी एकटीच संशय घेत होते, आता साक्षीदार मिळाला. पण धोंडूला घाम आला होता, ते बघून वाईटही वाटलं. साठीला टेकलेला माणूस, उभं आयुष्य त्या खोलीत काढलेलं, चोरीचं ऐकून त्याला घाम येणारच.

२८ ऑगस्ट, गुरुवार

वाचनालयाच्या झेरॉक्स मशीनवर एक कागद विसरलेला सापडला. गिर्माचं अक्षर. डावीकडे आमच्या पाकिटांचे क्रमांक, उजवीकडे आकडे.

१४ — ०/२०
१५ — ०/२०
१६ — ०/२०
२२ — १८/२०
२३ — ०/२०

अशी एकसष्ट ओळींची यादी. बहुतेक ठिकाणी शून्य. श्रुतिका म्हणाली, "ऑर्डर असेल गं. वीसपैकी अठरा पाठवले, बाकीचे पेंडिंग." मलाही तसंच वाटतं. शून्य म्हणजे अजून बाहेर न पाठवलेले.

संध्याकाळी तक्रार लिहिली. तीन मसुदे केले. 'चोरी' शब्द काढून 'विनापरवाना काढणे' घातला, कारण चोरी मी डोळ्यांनी पाहिलेली नाही. आठ वाजता संचालकांना पाठवली. हे सिद्ध झालं तर त्याला प्रमाणपत्र मिळणार नाही, आणि त्याच्या सरकारला गैरवर्तनाचं पत्र जाईल. बावन्नाव्या वर्षी नोकरी गेलेल्या माणसाला कोण घेतं? हा विचार मी पाठवण्याआधी केला की नंतर? नंतर. खरं ते लिहिलं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

संचालक मार्तंड सर, वॉचमन चंद्रप्रकाश आणि मी, अकरा वाजता बारा नंबरवर. गिर्माने दार उघडलं. अनवाणी होता.

बादलीत टॉवेलांच्या गुंडाळ्या उभ्या, प्रत्येकीला चिठ्ठी. सरांनी एक उलगडली. आत ओळीने दाणे, मोजून वीस, काळे पडलेले, बुळबुळीत. दुसरी तशीच. चौथीत मात्र दाण्यांना पांढरी शेपटं फुटलेली. सर पटापट फोटो काढत होते. "बघ जयंती, रोपं करून न्यायचा बेत! डोकं बघ कसं चालतं."

गिर्मा एकच वाक्य दोनदा म्हणाला, "प्लीज, ते सुकू देऊ नका."

चोरी पकडली गेली त्याचं काहीच नाही, टॉवेल सुकतील ही काळजी! हा कोडगेपणा म्हणायचा की काय, मला कळेना. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही मला उत्तर दिलं होतंत." मी म्हटलं, मी तुम्हाला कधीच परवानगी दिलेली नाही. ते खरंच आहे.

त्याचे तास बंद. ८ सप्टेंबरला साडेदहा वाजता चौकशी समिती. सर म्हणाले, मला तोंडी काही बोलावं लागणार नाही, कागद बोलका आहे.

निघताना सगळ्यांच्या मागे राहून मी त्या गुंडाळ्या परत बादलीत उभ्या केल्या. का केल्या, माहीत नाही. पसारा बघवत नाही मला.

३१ ऑगस्ट, रविवार

आज गौरी आल्या. उद्या नैवेद्याला वालाचं बिरडं. वाल गेल्या वर्षी धोंडूने आणलेलेच, डब्यात जपून ठेवलेले. काल रात्री भिजत घातले, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधले, पातेल्यात ठेवून वर झाकण. पंखा बंद केला. श्रुतिका घामाघूम होत स्वयंपाकघरात आली.

"आई, फॅन का बंद?"

"फडकं सुकतं गं. मग मोड येत नाहीत."

ती पातेल्याकडे बघत म्हणाली, "ओलं फडकं, आत दाणे, नो फॅन. बोलवू का चंद्रप्रकाश अंकलना? जप्त करून टाकू तुझा माल."

ती हसत बाहेर गेली. मी झाकण उचलून फडक्याकडे बघितलं.

वीस वर्षं दर श्रावणात मी हे करते. कृषी पदवीधर आहे. दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात ओल्या कागदावर दाणे मांडून मोजलेत, इतके उगवले भागिले इतके पेरले. ०/२० ही ऑर्डर नाही. वीस पेरले, शून्य उगवले.

मग बारा नंबरमधले ते काळे, बुळबुळीत दाणे काय होते ते कळलं. आणि एकसष्टपैकी किती ओळींवर शून्य होतं तेही आठवायला लागलं.

रात्री ऑफिसचा मेल उघडला. ८ ऑगस्ट, गिर्माचं पत्र, चांगलं दीड पान. प्रात्यक्षिकात काही दाणे दाताखाली धरून पाहिले, वासही बरा नाही, बियाणं मेलं असावं अशी भीती वाटते, प्रत्येक पाकिटातले वीस दाणे घेऊन उगवण तपासू का, देशाबाहेर एकही दाणा नेणार नाही, मोजून झाल्यावर सगळं तुमच्याकडे देईन. खाली माझं उत्तर, चार मिनिटांनी गेलेलं: 'नोंद घेतली. धन्यवाद.'

१ सप्टेंबर, सोमवार

पूजा आटोपून केंद्रावर गेले. सुट्टीवर होते तरी. गिर्माने दार उघडलं, मला एकटीला पाहून बाजूला झाला. मी काय बोलायचं ते रिक्षात घोकलं होतं, त्यातलं काहीच बोलता आलं नाही. म्हटलं, "मी मेल वाचला."

तो म्हणाला, "आज?"

"काल."

तो थोडं हसला. "आमच्याकडेही असंच उत्तर देतात. पण आम्ही ते 'हो' समजून कामाला लागतो, नाहीतर कधीच काही होणार नाही."

त्याने यादी समजावली; निळ्या पट्टीवर दाणे काढल्याची तारीखही त्यानेच घातलेली. एकसष्टपैकी बावन्न पूर्ण मेलेले. नऊ जिवंत, तेही जोरदार. "हे नऊ म्हातारे नाहीत, मॅडम. लेबलवर २००४ आहे, पण हे दाणे फार तर दोन वर्षांचे. कोणीतरी नवीन भरलेत."

मग यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. खारा मुणगा, खाडीकाठच्या मिठाच्या जमिनीत येणारं भात. आता कोणी पेरत नाही. वीस दाण्यांत शून्य आलं होतं. "वीस म्हणजे थोडे. दोनशे मांडले तर एखादा असेल. पण माझे टॉवेल नंतर सर घेऊन गेले. पुरावा म्हणून."

मी बीजघरातून पाकीट आणि घरून टॉवेल आणला. जुना, मऊ झालेला. दोघांनी मिळून दोनशे दाणे मांडले, वीसवीसच्या दहा ओळी. तो म्हणाला, तुमच्याकडे ठेवा, इथून कोणी उचलून नेईल. सातव्या दिवशी मोजायचे.

३ सप्टेंबर, बुधवार

धोंडू आला. पिशवी नेहमीसारखी. मी पिशवी घेतली नाही. बीजघराचं २०२०चं तापमान रजिस्टर त्याच्यापुढे उघडलं. मार्च ते मे, रोजचे चार अंश, सगळे एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखे.

तो खाली बसला, फरशीवर.

"लॉकडाऊनात माका जोगेश्वरीसून येवक गावला नाय, बाई. सात आठवड्यांनी इलंय तर मशीन बंद. खोली भट्टीसारखी. सगळा बियाणा मेला." त्याने रजिस्टर मिटलं. "कोणाक सांगतलंय? माझी नोकरी गेली असती. मगे दर गणपतीक गावात फिरान, कोणाकडे जुना वाण आसा ता इचारून, मूठ मूठ आणून भरलंय. नऊ गावले. बाकीचे खंय गावणत नाय आता."

"म्हणजे माझ्यासाठी वाल आणायचास त्याच पिशवीतून."

"त्याच."

"आणि त्या माणसावर ढकललंस."

"व्हय." मग डोळे न उचलता म्हणाला, "तुमी पण दर एप्रिलाक सही करीत होता ना, बाई. एकदा आत येवन दाणो तरी चावलात?"

मला त्याचा राग यायला हवा होता. केंद्रापासून माझं घर चालत वीस मिनिटं. लॉकडाऊनात भाजी आणायला मी त्याच्या दुप्पट चालत जात होते. अत्यावश्यक सेवेचा पास माझ्या पर्समध्ये होता.

पाच वर्षं, पाच सह्या. 'बियाणे सुस्थितीत असल्याचे प्रमाणित करण्यात येते.' एका वर्षी मी 'असल्याचे'मधली टंकनाची चूक दुरुस्त करायला पत्रक परत पाठवलं होतं.

४ सप्टेंबर, गुरुवार

मार्तंड सरांना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. चहा मागवला.

"जयंती, डोक्याला ताप करून घेऊ नकोस. बियाणं मेलं हे कुठे कागदावर आहे? चोरी कागदावर आहे. तुझ्याच सहीने."

"सर, तो माणूस निर्दोष आहे."

"परवानगी होती का लेखी? नाही ना? मग. आठवड्याभरात तो जाईल. 'वैयक्तिक कारणास्तव परत' असं लिहू, गैरवर्तन नको लिहायला, बस? धोंडू दीड वर्षात रिटायर. तुझी अजून सोळा वर्षं आहेत. त्या खोलीचं तुला आता कळतंय, तर आता गप्प राहा."

मी चहा पिऊन बाहेर आले. 'तुला आता कळतंय' म्हणजे सरांना आधीपासून माहीत होतं का, ते विचारायचं राहिलं.

वाटेत मनात एक चांगला युक्तिवाद तयार झाला. प्रमाणपत्राशिवाय का होईना, तो घरी तर जाईल. बावन्न वाण तसेही परत येणार नाहीत. माझी सही गेली तर केंद्रावरचा विश्वास जाईल, पुढचं प्रशिक्षण बंद पडेल, नुकसान सगळ्यांचं. युक्तिवाद इतका नीट होता की मला त्याचीच भीती वाटली.

५ सप्टेंबर, शुक्रवार

एकच मसुदा केला. तक्रार मागे घेते. गिर्मा यांनी ८ ऑगस्टला लेखी विचारणा केली होती, मी न वाचता उत्तर दिलं, मेलची प्रत जोडली आहे. २०२१ ते २०२५ या पाच वर्षांची प्रमाणपत्रं मी तपासणी न करता दिली. सोबत गिर्मा यांची एकसष्ट वाणांची यादी.

धोंडूचं नाव घालायचं की नाही यावर तासभर गेला. शेवटी त्यालाच विचारलं. म्हणाला, "घाला. पण त्या नऊ वाणांची गावा पण घाला, कोणाकडसून आणलंय ती. ती लोकां अजून पेरतत." ती नावं त्याला तोंडपाठ आहेत. घराच्या खुणांसकट.

पत्राच्या प्रती समितीच्या पाचही सदस्यांना हातोहात दिल्या, पोच घेतली. सरांनी पोचेवर सही केली, माझ्याकडे पाहिलं नाही.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं. आज घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. नवरा, सुबोध, दोन दिवस पेपरच वाचतोय. सगळं सांगितल्यावर एवढंच म्हणाला, "आधी मला विचारलं असतंस तर." विचारलं असतं तर मी ते पत्र दिलं नसतं, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

दुपारी गिर्माचा फोन. उद्या समितीपुढे त्यालाही बोलावलंय. मी विचारलं, तुम्हाला प्रमाणपत्र मिळेल असं वाटतं का? म्हणाला, "माहीत नाही. टॉवेल ओला आहे का?"

"आहे."

"उद्या तुम्ही एकट्याने मोजा. मी नको. शून्य आलं तर शून्य लिहा, खाली सही करा. मग ती सही कोणीही मानेल."

कॉफी आज घरी आणून उघडली. श्रुतिका म्हणाली, "भारी आहे गं." आता दुपारपासून ती अधूनमधून जाऊन टॉवेलवर पाणी शिंपडते आणि कोणी बघत नाही ना ते बघते. उलगडून बघायचा मोह मला चारदा झाला. उलगडलं नाही. स्वयंपाकघरातला पंखा आठवडाभर बंद आहे.

उद्या: साडेदहाच्या आधी खाऱ्या मुणग्याचे दाणे मोजणे.